एकशे सदतीसपासून सुरू

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला चपला काढायला लावल्या. खोलीत देव नव्हता. एक कॉम्प्युटर होता, एक खडखडणारा एसी होता आणि एक लोखंडी कपाट. "इथे सगळ्यांचं सगळं ठेवलंय," ते म्हणाले, "चप्पल बाहेर." मी बावीस वर्षांची, पुण्याहून कॉम्प्युटरची ताजी पदवी घेऊन आलेली. माझ्या मते धूळ एसीतून येत होती, आणि त्यानं काही चपला घातल्या नव्हत्या. पण पहिला दिवस होता, म्हणून मुकाट्यानं काढल्या.

ऑफिस दिल्लीशेजारच्या गाझियाबादला, प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यावरच्या मजल्यावर. धंदा डिरेक्टरीचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि दिल्लीच्या चहूबाजूंना सोसायट्याच सोसायट्या उगवत होत्या. दिल्लीतल्या द्वारकेत चौथ्या मजल्यावर पाणी चढायचं नाही, पण फोन चढला होता. समोरच्या दारात कोण राहतं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या साहेबांनी यावर तोडगा काढला. सोसायट्यांमधून फॉर्म भरून आणायचे, नाव-फ्लॅट-फोन छापायचं आणि ते पुस्तक त्याच लोकांना विकायचं. शेजाऱ्याचं नाव कळायला पुस्तक विकत घ्यावं लागावं, याला साहेब प्रगती म्हणत.

पाच टायपिस्ट दिवसभर नावं बडवायच्या आणि ती सगळी त्या एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर जमा व्हायची. त्या डिस्कवर राज्य चपला काढायला लावणाऱ्या या गृहस्थांचं. कागदोपत्री ते सिस्टीम इन-चार्ज, पण सगळं ऑफिस त्यांना पटवारीजी म्हणे. पटवारी म्हणजे आपला तलाठी. नाव अगदी चपखल होतं, कारण डिस्क ही त्यांच्या लेखी जमीन होती. डिस्कवर वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे हिस्से आखतात. बाकीचं जग त्यांना पार्टिशन म्हणतं, हे प्लॉट म्हणायचे. हा प्लॉट अमुक नंबरला सुरू होतो, तमुक नंबरला संपतो. मी त्यांना काका म्हणायची, कारण ऑफिसात मराठी आम्ही दोघंच.

त्यांचा जन्म दिल्लीच्या करोल बागेतला. आजोबा कधीतरी नोकरीसाठी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. काकांची मराठी त्यामुळे घरापुरती उरली होती, आणि एका रजिस्टरापुरती. त्या रजिस्टराकडे मी येतेच.

माऊसला ते शिवत नसत. तो टेबलावर उताणा पडलेला असे. "बोट दाखवून मागणं बाळांचं काम," ते म्हणत, "मोठ्या माणसानं बोलून सांगावं." त्यांचं बोलणं म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक अक्षर. पी म्हणजे दाखव. डी म्हणजे पुस. एन म्हणजे नवा आख. डब्ल्यू म्हणजे लिहून टाक. डब्ल्यू दाबेपर्यंत सगळं हवेत, नको असेल तर सोडून देता येतं. त्याच सुमारास बाजारात रंगीत पट्ट्या ओढून प्लॉट लहानमोठे करायचे प्रोग्रॅम आले होते. मी एकदा तसल्या प्रोग्रॅमचा विषय काढला, तर त्यांनी मला नावांच्या प्रिंट तपासायला बसवलं. दोन दिवस.

चहाच्या आधी मला रोज धडा म्हणावा लागे. प्लॉट लहान करायचा तर आधी आतलं सामान आवरायचं, मग भिंत सरकवायची. मोठा करायचा तर उलटं, आधी भिंत, मग सामान पसरायचं. डी दाबल्यानं पुसली जाते ती फक्त रेघ, सामान जागच्या जागी असतं. पण रेघ परत आखताना सुरुवात तीच हवी. "शेवट थोडा इकडेतिकडे चालेल," काका डोळे मिटून म्हणत, "सुरुवात एक नंबरनं जरी हलली, तर मशीन म्हणेल इथे कुणी राहतच नाही." एवढं म्हटल्यावर मला चहा मिळे. पदवीच्या परीक्षेला मी एवढं पाठांतर केलं नव्हतं.

आणि बांध. दोन प्लॉटांच्या मध्ये ते तीन नंबर रिकामे सोडत. असं का, ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते त्याला हिंदीत मेड़ म्हणायचे, मराठी शब्द त्यांना आठवेना. मी म्हटलं, "काका, बांध." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो खिशातल्या डायरीत लिहून घेतला आणि नंतर दिवसातून चारदा वापरला. शेत या माणसानं फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. साहेबांचा या बांधावर भयंकर राग होता.

"चौबीस एमबी ख़ाली छोड़ रखा है आपने! इतने में पूरी सोसायटी बस जाए!"

"साहब, दीवार से दीवार सटेगी तो झगड़ा होगा."

"किसका झगड़ा? डिस्क में कौन रहता है?"

काका यावर नुसते साहेबांच्या बुटांकडे बघत. साहेब तेवढ्यानं बाहेर जात.

आता रजिस्टर. डिस्कला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर त्यात नोंद व्हायची. तारीख, कुणी केलं, काय केलं, सुरुवात, शेवट, कारण. सगळं मराठीत, वळणदार अक्षरात, आणि खाली साक्षीदाराची सही. साक्षीदार अर्थातच मी. "वाचून सही कर," ते प्रत्येक वेळी म्हणायचे. "वाचलं," मी प्रत्येक वेळी म्हणायची आणि न वाचता सही ठोकायची. कंटाळा आला की सहीपुढे एक फूल काढायची. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही असा नियम होता. चूक सापडलीच तर खाली दुरुस्ती लिहायची आणि तिला दोघांच्या सह्या हव्यात, लिहिणाऱ्याची आणि साक्षीदाराची. डिरेक्टरीत अर्ध्या लोकांचे फोन चुकीचे छापले जात होते, त्याचं कुणाला काही नव्हतं.

दुसरा नियम, त्या खोलीत 'बहुतेक' म्हणायचं नाही. हिंदीवाल्यांना 'शायद' बंदी. कुणाच्या तोंडून निघालाच, तर काका दाराकडे बोट करत. "बाहेर जाऊन म्हण. इथे होय किंवा नाही." साहेबांनासुद्धा एकदा बाहेर जाऊन 'शायद' म्हणावं लागलं होतं म्हणतात.

हे सगळं मी सहन करत होते त्याला कारण होतं. बाबांनी मला एक वर्ष दिलं होतं. वर्षानंतर नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर डिसेंबरात सामान बांधून पुण्याला ये, मग आम्ही बघू तसं. 'बघू तसं' म्हणजे काय, ते पुण्यातल्या कुठल्याही मुलीला विचारा. आईनं तर मुलांचे फोटो जमवायला सुरुवातही केली होती. म्हणजे माझं पुढचं आयुष्य साहेबांच्या एका सहीवर होतं, आणि साहेब ती सही करण्याआधी काकांचं रजिस्टर बघणार होते. दिल्लीतल्या इतक्या माणसांमधून माझं नशीब चपला काढायला लावणाऱ्या माणसाच्या हाती पडावं, याचा मला रोज नव्यानं संताप यायचा.

दिवाळीआधी काका दोन दिवस रजेवर गेले. घरी सफेदी, म्हणजे भिंतींना चुना लावायचं काम होतं. नेमकं त्याच वेळी साहेबांना सोमवारी कुण्या बिल्डरला नवा प्रोग्रॅम दाखवायचा होता, नावावर क्लिक केलं की फोन दाखवणारा. त्याला डिस्कवर वेगळा प्लॉट हवा होता. त्यासाठी डिरेक्टरीचा मोठा प्लॉट थोडा लहान करायचा आणि सुटलेल्या जागेत नवा आखायचा. काका जाताना सांगून गेले होते, मी येईपर्यंत थांबा. साहेबांना थांबणं माहीत नव्हतं.

"तुमसे हो जाएगा?" त्यांनी मला विचारलं.

"बिल्कुल, सर," मी म्हणाले. धडा पाठ होता ना.

शनिवारी सकाळी मी बसले. सामान आधी आवरलं, अगदी नियमानं. पी दाबून नंबर बघितले. रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली काकांकडे, आणि कागदावर उतरवून घेणं म्हणजे म्हातारपण, म्हणून लिहिलं काही नाही. डी दाबला. एन दाबला. मशीननं विचारलं, सुरुवात कुठून? आणि स्वतःच सुचवलं, एकशे चौतीस. इतक्या अदबीनं सुचवतंय म्हटल्यावर मी एंटर दाबला. पुढचंही सगळं आखलं. डब्ल्यू दाबला. मशीन बंद करून चालू केलं.

डिरेक्टरीचा प्लॉट उघडेना. इथे काही नाहीच, असं मशीनचं म्हणणं.

एकशे चौतीस हा बांधाचा नंबर होता. रिकाम्या जागेचा पहिला तुकडा मशीननं प्रामाणिकपणे पुढे केला होता आणि मी तो घेतला होता. प्लॉट खरा कुठून सुरू होत होता, ते आठवेना. एकशे छत्तीस? अडतीस? पडद्यावरून ते केव्हाच वर निघून गेलं होतं. आठ महिन्यांचं टायपिंग, त्यातल्या शेवटच्या चार महिन्यांची टेपवर नक्कलही नव्हती, कारण टेप संपली होती आणि साहेब नवी आणत नव्हते. कागदी फॉर्म रद्दीत गेलेले. घाबरून मी नव्या प्रोग्रॅमची सीडी घातली, तर ती विचारते, हा प्लॉट रिकामा दिसतोय, फॉरमॅट करू का? मला वाटलं, निदान उघडेल तरी. माझं बोट 'हो'वर होतं.

"दीदी, चाय ठंडी हो रही है," दारातून बबीता म्हणाली. ही आमची टायपिस्ट, गाझियाबादचीच. मी उठून चहा घेतला. चहा संपेपर्यंत डोकं थोडं ताळ्यावर आलं. माझ्या शहाणपणाचा त्या दिवशीचा सगळा हिस्सा एवढाच, की मला चहा आवडतो.

काकांना फोन केला, वाजतच राहिला. नंतर कळलं की सफेदीमुळे फोन काढून ट्रंकेत ठेवला होता. डिरेक्टरीच्या कंपनीतला माणूस! बबीताला म्हटलं खोलीत कुणाला जाऊ देऊ नकोस, आणि बस, मग ऑटो करत करोल बाग गाठलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्यांचं घर. जिन्यात चुन्याचा वास.

काकू दारातच होत्या. "ये गं, पण पाय बघून ठेव. रेघेवर पाय पडला तर आज कुणाला जेवायला मिळणार नाही."

खोलीभर जमिनीवर खडूच्या रेघा. कपाटाचे चार कोपरे, पलंगाचे चार पाय, शिवणयंत्र, ट्रंका, प्रत्येकाची जागा आखलेली आणि शेजारी नाव. सामान सगळं गच्चीवर. मधोमध काका, डोक्याला रुमाल बांधून, हातात मोजायची टेप घेऊन उकिडवे बसलेले.

"काका, बहुतेक सुरुवात..."

"बाहेर."

मी उंबरठ्याबाहेर गेले. खरंच गेले. आणि परत आत आले.

"सुरुवात चुकवली मी. मशीननं सांगितला तो नंबर घेतला."

"बांधातला?"

"हो."

"फॉरमॅट केलंस?"

"नाही."

"मग चहा घे. कुछ नहीं गया."

मी तिथेच रडले. ज्या माणसाच्या मी वर्षभर नकला केल्या होत्या, त्याच्यासमोर हुंदके देऊन रडले, आणि काकूंनी मला खडूनं आखलेल्या पलंगात बसायला सांगितलं.

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"मी रजेवर आहे. आणि नंबर तुला माहीत आहे."

"नाही माहीत."

"कैसे नहीं? तुझी सही आहे त्याखाली." त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. "एकटीनं एंटर दाबायचा नाही. वाचायला कुणाला तरी बसव. ती वाचेल, तू म्हणशील, मग दाबशील. आणि चप्पल बाहेर काढलीयेस ना तिकडे?"

ऑफिसात परत आले. कपाट उघडलं, रजिस्टर काढलं. सापडली नोंद. प्लॉट दोन, सुरुवात १३७. खाली माझी सही, पुढे पाच पाकळ्यांचं फूल. बबीताला चपला काढायला लावून शेजारी बसवलं. ती म्हणाली, "एक सौ सैंतीस." मी म्हणाले, "एक सौ सैंतीस." असं दोनदा झालं. मग दाबलं. मशीन बंद करून चालू केलं, आणि नावं सरसर खाली येऊ लागली. "दीदी," बबीता पडद्याला नाक लावून म्हणाली, "मेरे सारे गुप्ता वापस आ गए!"

सोमवारी साहेबांचा बिल्डर येऊन खूश होऊन गेला. कुणाला काही कळलं नव्हतं. मी देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात काकांनी रजिस्टर उघडलं.

"काका, झालं ना सगळं नीट? कशाला लिहायचं आता?"

"जे झालं ते लिहायचं."

"माझी नोकरी जाईल. मला पुण्याला जावं लागेल. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," म्हणाले आणि लिहीत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "वाचून सही कर."

माझ्याच गळ्यावरची सुरी वाचून कशाला बघायची? न वाचता सही केली. त्या दिवशी फूल काढलं नाही.

त्यानंतर दीड महिना मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ते रोज धडा विचारत, मी रोज म्हणून दाखवत असे, आणि चहा मात्र खोलीबाहेर पीत असे.

डिसेंबरात साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म आणि शेजारी ते रजिस्टर. बबीताचे गुप्ता परत आल्याची गोष्ट तोवर खालच्या बादलीवाल्यांपर्यंत पोचली होती.

"सुना दिवाली से पहले सब उड़ गया था? ये मराठी मुझसे पढ़ी नहीं जाती. पढ़ो, क्या लिखा है."

मी पान उघडलं आणि ती नोंद आयुष्यात पहिल्यांदा वाचली. प्लॉट दोन. सुरुवात चुकून १३४ पडली. मुलीनं फॉरमॅट केलं नाही, स्वतः येऊन सांगितलं, १३७ करून सामान परत मिळालं. कारण: मध्ये बांध सोडला आहे, हे रजेवर जाण्याआधी मी तिला सांगितलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं! दिवसातून चारदा सांगितलं होतं. बांध हा शब्दच मी दिला होता त्यांना. ज्या माणसानं 'बहुतेक' म्हणणाऱ्याला खोलीबाहेर काढलं, त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात धडधडीत खोटं लिहिलं होतं, आणि साक्षीदार म्हणून खाली मी.

मी ते हिंदीत वाचून दाखवलं. शब्दन् शब्द.

"मतलब ग़लती पटवारीजी की थी," साहेब म्हणाले.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघितलं, पेन माझ्या फॉर्मवर होतं.

"शायद," मी म्हणाले.

साहेबांनी सही केली. मी पक्की झाले. बाबांना फोन केला, आई रडली, फोटो परत गेले. जानेवारीत काकांना खाली, कारखान्यामागच्या एका खोलीत, प्रूफ तपासायला बसवलं आणि वरची कॉम्प्युटरची खोली मला मिळाली. साहेबांनी पहिलं काम सांगितलं ते बांध काढायचं. मी तो काढला. काही बिघडलं नाही. चोवीस एमबी जागा मिळाली आणि ती आठ दिवसांत भरली.

प्रूफच्या खोलीत काका पट्टी ठेवून एकेक फोन नंबर वाचत. त्या वर्षी डिरेक्टरीत चुका सापडेनात, लोक तक्रार करायला फोन करायचेही थांबले. दोनेक महिन्यांनी मी धीर करून रजिस्टर घेऊन खाली गेले.

"काका, हे खोटं आहे."

"वाचलंस शेवटी?" पट्टी न हलवता ते म्हणाले. "सही आहे ना तुझी? मग रजिस्टरच्या दृष्टीनं खरं."

"दुरुस्त करायला हवं."

"चलो. दोन सह्या लागतील." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. "लिही. माझी तयार आहे."

वर साहेब होते. खाली ते उघडं पेन होतं. नोकरी पक्की होऊन मला पुरते तीन महिने झाले नव्हते.

"उद्या करू, काका," मी म्हणाले.

"बिल्कुल," ते म्हणाले. टोपण लावलं आणि पट्टी खालच्या ओळीवर सरकवली. मला त्यांनी त्यानंतर कधीही आठवण केली नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या 'उद्या'ला किती वर्षं लागली ते मी मोजलं नाही. आधी ते निवृत्त झाले, मग डिरेक्टऱ्या विकत घेणारे लोक संपले, मग कंपनी. सामान हलवताना रजिस्टर रद्दीत निघालं होतं, ते मी घरी आणलं. काका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं. मी भेटायला गेले, तर घरातलं प्रत्येक कपाट, प्रत्येक ट्रंक जागच्या जागी होती. "रेघा पुसल्या गं सगळ्या," काकू म्हणाल्या, "पण मला हलवावंसं वाटत नाही."

रजिस्टर माझ्या कपाटात आहे. ते पान मी अधूनमधून उघडते, आणि आता वाचते. त्या नोंदीखाली चार ओळी कोऱ्या आहेत, दुरुस्तीला भरपूर जागा. पेनही आहे. नियम त्यांचाच आहे, दोन सह्या लागतात. माझी तयार आहे.